कांद्यावरील निर्यात-जकात कोणाच्या माथी?

परदेशी जाणाऱ्या मालावरील जकात व्यापारी भरतो, तेव्हा आपणांस तिचे काय, असे पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटते. परंतु व्यापारी ती रक्कम आधी वजा धरूनच लिलावात बोली बोलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर शेकडा ४० जकात बसली, तेव्हा लासलगावचे लिलाव बंद पडले, ते उगीच नव्हे.

सन १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १६ वे कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. निर्यातीस लागणारा दर सौद्याच्या दिवसाचा नव्हे, तर माल चढविण्याची परवानगी अधिकारी देईल त्या दिवसाचा असतो. मध्येच दर वाढल्यास तोटा कोणी सोसावयाचा, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी बोलणे कचेरीत टिकत नाही.

२५ व्या कलमान्वये सरकारास माफी देता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये बंगळूर रोझ कांद्यास ती मिळाली. मात्र कर्नाटकाच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला लागे. आपल्या लाल कांद्यास ती नव्हती. डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत तर निर्यातच बंद होती. सप्टेंबर २०२४ मध्ये जकात शेकडा २० झाली व १ एप्रिल २०२५ पासून उठली. कलमे मात्र कायम आहेत. स्वतः माल पाठविणाऱ्या संघांनी गोण्या भरण्यापूर्वी चालू अधिसूचना पाहून घ्यावी.