संगणक चालू ठेवावा की बंद करावा?

वारंवार चालू-बंद केल्याने घरचा संगणक बिघडतो, हा समज जुन्या, नाजूक हार्ड डिस्कच्या काळातला. आजची हार्ड डिस्क हजारो वेळा चालू-बंद होणे सहज सोसते आणि एसएसडीत तर फिरणारा भागच नसतो. सुरू होताना लागणारी जादा वीजही काही क्षणांपुरतीच.

खरा खर्च विनाकारण चालू ठेवण्याचा आहे. काम नसताना डेस्कटॉप ६० वॉट वीज घेतो असे धरा. रोज १६ तास तो तसाच राहिला, तर जवळपास एक युनिट जाते; महिन्याला ३०च्या आसपास. स्क्रीनसेव्हरने यातले काही वाचत नाही, कारण पडदा उजळलेलाच राहतो.

मधला मार्ग ‘स्लीप’चा. यात मुख्यतः रॅमला वीज मिळत राहते, खर्च काही वॉटवर येतो आणि कळ दाबताच काम होते तिथून सुरू होते. मात्र वीज गेली, तर सेव्ह न केलेले काम जाऊ शकते. ‘हायबरनेट’मध्ये तेच काम डिस्कवर उतरवले जाते, त्यामुळे ही भीती उरत नाही.

तेव्हा जेवायला उठलात तर स्लीप, रात्री शटडाउन. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउननंतरही प्रणालीचा गाभा डिस्कवर जपलेला असतो. म्हणून संगणक अडखळू लागला की ‘रीस्टार्ट’ करा; त्यात तो गाभा नव्याने सुरू होतो. आणि पावसाळ्यात आभाळ भरून येताच, विजा कडाडण्याआधी, प्लग काढून ठेवा. इंटरनेटची तारेची जोडणी असेल तर तीही.