गाणी मोजावीत की गाणारे?

दाट पानांच्या जंगलात पक्षी दिसतो त्यापेक्षा ऐकू अधिक येतो, त्यामुळे गायक पक्ष्यांची गणना मुख्यतः कानांच्या भरवशावरच होत आली आहे. अमेरिकेत चँडलर रॉबिन्स यांनी १९६६ साली सुरू केलेल्या सर्वेक्षणात निरीक्षक ठरलेल्या मार्गावर ५० ठिकाणी तीन-तीन मिनिटे थांबून दिसलेले आणि ऐकू आलेले सारे पक्षी नोंदवतो. उत्तर अमेरिकेतील पक्षी १९७० पासून सुमारे ३०० कोटींनी घटले, हा २०१९ चा निष्कर्ष बऱ्याच अंशी याच चिकाटीच्या नोंदींवर उभा आहे.

मात्र अशा नोंदींतून वाढ-घट कळली, तरी घनता, म्हणजे एका हेक्टरमधील पक्ष्यांची संख्या, कळत नाही. कारण किती अंतरावरचा आवाज कानापर्यंत पोहोचला, हे ठाऊक नसते. डीॲना डॉसन आणि मरे एफर्ड यांनी २००९ साली या अडचणीवर अतिशय सुंदर तोड काढली. तळ्यातले काही मासे खूण करून सोडायचे आणि पुढच्या जाळ्यात खुणेचे किती येतात यावरून एकूण संख्या काढायची, ही जुनी रीत त्यांनी ध्वनीला लावली. मेरीलंडमधील पटक्सेंटच्या जंगलात त्यांनी चार मायक्रोफोन मांडले. ओव्हनबर्ड या गायक पक्ष्याची एकच तान दोन मायक्रोफोनांवर उमटली, की ती ‘पुन्हा पकडली’ गेली असे मानले. तान कोणत्या मायक्रोफोनांवर आणि किती तीव्रतेने उमटली, यावरून अंतरागणिक आवाज कसा क्षीण होतो ते कळते आणि त्यातून तान ऐकू येण्याचे क्षेत्र ठरते; मग एका हेक्टरमधील तानांची संख्या काढता येते.

तरीही ताना म्हणजे पक्षी नव्हेत. ओव्हनबर्डमध्ये गातो तो नर, आणि जोडीदार न मिळालेला नर जोडी जमलेल्या नरापेक्षा पुष्कळ अधिक गातो, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे माद्या विरळ झालेले जंगल अधिक गजबजलेले भासू शकते. आज कृत्रिम बुद्धिमत्ता आवाजावरून जात ओळखते, म्हणून गणनेचा प्रश्नच सुटला असे सांगितले जाते. पण ओळखणे म्हणजे मोजणे नव्हे. एक नर तासाला किती वेळा गातो आणि त्याला जोडी आहे का, हे जंगलात पक्ष्यामागे फिरणाऱ्या निरीक्षकालाच कळते, आणि त्याच्या वहीतील या नोंदींवाचून यंत्राने टिपलेल्या हजारो तानांचे पक्ष्यांच्या संख्येत रूपांतर होऊ शकत नाही.