शॉकरमधून तेल का गळते?



सकाळी शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्यांत एखादी जुनी येझदी अजूनही दिसते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली सुरू झालेले उत्पादन १९९६ मध्ये बंद पडले. म्हणजे तिथली शेवटची गाडीसुद्धा आज पंचवीस वर्षांहून जुनी आहे. अशा गाड्यांच्या पुढच्या शॉकरमधून तेल गळू लागले की मिस्त्री सील बदलून देतो आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत तेल पुन्हा गळते. असे का होते, ते येथे सांगत आहोत.

शॉकरच्या प्रत्येक पायात एक गुळगुळीत पोलादी नळी दुसऱ्या रुंद नळीत वर-खाली सरकते. आतली स्प्रिंग भार पेलते. तेलाला मात्र बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, म्हणून चाक उसळत राहत नाही. रंगपंचमीची पिचकारी जोराने दाबताना हाताला जो विरोध जाणवतो, तोच हा. असा तेलाचा शॉकर जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या मोटारसायकलींना बसवला.

तेल आत राखते ते रबरी सील. तिची पातळ ओठासारखी कड नळीला चिकटून असते. नळीवरील क्रोम गंजून खड्डे पडले, तर त्यांच्या धारदार कडा नवी सीलही कापतात. नळी वाकलेली असणे, सीलपाशी धूळ साचणे किंवा तेल जास्त भरणे हीही कारणे असतात. तेल जास्त झाले की आतल्या हवेला जागा कमी उरते, दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येते.

म्हणून पाय खोलल्यावर आधी नळी तपासावी. नळीवरून नख फिरवावे. ते अडकले तर खड्डा आहे. सपाट काचेवर नळी लोळवली की वाक कळतो. बारीक गंज अगदी मऊ पॉलिश कागदाने घासता येतो; खड्डे खोल असतील तर नळी बदलावी किंवा पुन्हा क्रोम करून घ्यावी. नवी सील त्याच मापाची असावी. तिच्या कडेला तेल लावून ती सरळ, चारही बाजूंनी सारखी दाबून बसवावी. दोन्ही पायांच्या सील एकदमच बदलाव्यात आणि दोन्हींत गाडीच्या पुस्तिकेत दिले आहे तेवढेच तेल मापाने भरावे.

पालकांना विशेष विनंती : हे गळणारे तेल खाली ओघळून पुढच्या ब्रेकमध्ये शिरू शकते. मग ब्रेक दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाही. तेल प्यायलेले ब्रेक-शू पुसून वापरू नयेत, बदलावेत. दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीवर मुलांना आणू नये.