कामगाराची खुर्ची

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ भरवता, ही चांगली गोष्ट आहे. युद्धावर, अणुबाँबवर जरूर बोला. पण एक ठराव कामाच्या तासांवरही घ्या.

राष्ट्रसंघाच्या आमसभेत एका देशाला एक मत, आणि ते सरकारच्या हाती. कामगार परिषदेची रीत निराळी. १९१९ साली ती वॉशिंग्टनला प्रथम भरली. प्रत्येक देशाचे प्रतिनिधी चार : सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. हिंदी कामगारांतर्फे ना. म. जोशी गेले होते. कारखान्यांत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, असा करार तेथे झाला. त्याच करारात हिंदुस्थानसाठी मात्र ६० तासांचा अपवाद लिहिला गेला!

आज आमच्या सातारा-सांगलीच्या फडात बीडकडून आलेले जोडपे मुकादमाची उचल फेडण्यासाठी टनावर ऊस तोडते. गाडी भरेपर्यंत कोयता थांबत नाही. त्याचे तास कोण मोजतो?

म्हणून तुमच्या सभेत देशांच्या खुर्च्यांशेजारी कामगाराचीही एक खुर्ची मांडा. तिच्यावर बसणाऱ्याने प्रत्येक ठरावाला एवढेच विचारावे : यातून वगळले कोणाला?