झेप सोलर

झेप सोलर ही घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसविण्यासाठी लागणारी सामग्री तयार करणारी अमेरिकी कंपनी होती. इ.स. २००९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील सान राफेल या शहरात जॅक वेस्ट, डॅनियल फ्लॅनिगन आणि क्रिस्टिना मनान्साला यांनी तिची स्थापना केली. पॅनेलच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटीलाच एक विशिष्ट खाच ठेवून स्वतंत्र रुळांची गरज संपविणारी रचना ही या कंपनीची ओळख ठरली. इ.स. २०१३ मध्ये सोलारसिटी या तिच्याच मोठ्या ग्राहकाने सुमारे १५.८ कोटी डॉलरला तिच्या खरेदीचा करार केला. इ.स. २०१६ मध्ये सोलारसिटी टेस्लाच्या मालकीची झाली आणि त्यानंतरच्या काळात स्वतंत्र नाममुद्रा म्हणून झेप बाजारातून नाहीशी झाली. मराठीतील ‘झेप’ या शब्दाशी कंपनीच्या नावाचा संबंध नाही. उच्चारातील साम्य योगायोगाचे आहे.

पार्श्वभूमी

सौर पॅनेल वीज निर्माण करते. परंतु ते छतावर वीस-पंचवीस वर्षे वारा, पाऊस व बर्फ सोसत टिकून राहते ते त्याखालील आधाररचनेमुळे. भारतात घरांच्या सपाट स्लॅबवर बहुधा जस्तलेपित लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पॅनेल बसविले जाते. अमेरिकेतील घरांची छते प्रायः उतरती असतात. लाकडी वाशांवर प्लायवूडसारख्या फळ्या आणि त्यांवर डांबरी शिंगल अशी त्यांची घडण असते. अशा छतावर पॅनेल बसविण्यासाठी आधी वासे शोधून त्यांत स्क्रूने धातूच्या बैठका पक्क्या कराव्या लागतात. छिद्रांतून पाणी झिरपू नये म्हणून तेथे पत्र्याचे आवरण घालावे लागते. बैठकांवर अ‍ॅल्युमिनियमचे लांब रूळ आडवे टाकून ते समपातळीत आणले जातात आणि मग प्रत्येक पॅनेल पकडींच्या (क्लॅम्प) साहाय्याने रुळांवर आवळले जाते. याखेरीज प्रत्येक चौकटीला तांब्याची तार जोडून अर्थिंग करावे लागे. हे काम किचकट असून त्यास बराच वेळ लागत असे.

पॅनेल महाग होते तोवर या खटाटोपाचा खर्च फारसा जाणवत नव्हता. इ.स. २००८ च्या सुमारास पॅनेलची किंमत प्रति वॅट जवळपास चार डॉलर होती, इ.स. २०१२ पर्यंत ती एका डॉलरच्या खाली आली. पॅनेलचा भाव असा कोसळला, तरी छतावर चढणाऱ्या कामगाराची मजुरी, रूळ, पकडी, परवाने आणि तपासणी यांचा खर्च त्या प्रमाणात उतरला नाही. एकूण खर्चातील या बाबींचा वाटा त्यामुळे आपोआप वाढला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने इ.स. २०११ मध्ये ‘सनशॉट’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा पॅनेलव्यतिरिक्तचा खर्च कमी करणे हेही त्याच्या उद्दिष्टांत होते. आधाररचनेसारख्या दुर्लक्षित वस्तूला महत्त्व आले ते या परिस्थितीत.

रचना व कार्यपद्धती

झेपच्या रचनेमागील विचार साधा होता. पॅनेलला मुळातच अ‍ॅल्युमिनियमची मजबूत चौकट असते. ती चौकट तुळईप्रमाणे भार पेलू शकत असेल, तर तिच्याखाली दुसरे अ‍ॅल्युमिनियम कशाला? कंपनीने चौकटीच्या बाहेरील बाजूस सर्व कडांना एक ठरावीक आकाराची खाच दिली. उरलेली सर्व सामग्री या खाचेत अडकेल अशा बेताने घडविण्यात आली.

छतावर पक्क्या केलेल्या बैठकांवर उंची कमी-जास्त करता येणारे पाय बसविले जात. पॅनेल तिरके धरून त्याची खाच पायाच्या जिभेवर टेकवायची आणि पॅनेल खाली झुकवायचे, की ते जागीच अडकून बसे. शेजारच्या दोन पॅनेलांना जोडणारा छोटा दुवाही दोन्ही बाजूंच्या खाचांत घालून हत्याराच्या पाव फेऱ्याने घट्ट होई. पायाची उंची पॅनेल बसविल्यानंतरही वरूनच बदलता येई. छत थोडे वाकलेले असले तरी पॅनेलांची रांग त्यामुळे सरळ दिसे. जुन्या पद्धतीत ही जुळवणी रूळ टाकतानाच नीट साधावी लागत असे.

अर्थिंगच्या बाबतीत या रचनेचा लाभ विशेष मोठा होता. अ‍ॅल्युमिनियम चौकटीवर अ‍ॅनोडायझिंगचा कठीण थर असतो आणि तो विद्युत्‌रोधक असतो. म्हणून दोन चौकटी नुसत्या एकमेकींस टेकल्याने विद्युत्‌संपर्क होत नाही. झेपच्या जोडदुव्यांचे टोकदार भाग हा थर भेदून आतील धातूपर्यंत पोहोचत. पॅनेल जोडले जात असतानाच संपूर्ण रांगेचे अर्थिंग होत असे आणि मुख्य तार रांगेला एकाच ठिकाणी जोडणे पुरत असे. एरवी दर पॅनेलमागे करावे लागणारे काम यामुळे जवळजवळ संपुष्टात आले.

रूळ नाहीसे झाल्याने वाहतुकीचा भारही घटला. कित्येक मीटर लांबीचे रूळ वाहनाच्या टपावर बांधून नेणे, शिडीवरून वर चढविणे आणि छतावर कापणे ही कामे उरली नाहीत. रांगेच्या पुढील कडेस लावण्याच्या काळ्या पट्टीमुळे पॅनेलांखालील मोकळी जागा रस्त्यावरून दिसत नसे. तांत्रिकदृष्ट्या ही बाब गौण असली तरी घराच्या दर्शनी रूपाविषयी काटेकोर असलेल्या ग्राहकांच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती.

परवाना पद्धत

खाच पॅनेलच्या चौकटीत असल्याने पॅनेल उत्पादकांच्या सहकार्याविना ही रचना निरुपयोगी होती. झेप स्वतः पॅनेल बनवीत नसे. तिने खाचेचा आकार पॅनेल कंपन्यांना परवान्याने वापरण्यास दिला आणि खाचेत बसणारी सामग्री स्वतः विकली. कॅनेडियन सोलरने ‘न्यूएज’ या नावाने आणि चीनच्या त्रिना सोलरने ‘त्रिनामाउंट’ या नावाने झेपसुसंगत पॅनेल बाजारात आणले. इतर काही उत्पादकही त्यात सामील झाले. बसविणाऱ्याला कोणत्याही परवानाधारकाचे पॅनेल घेता येई आणि सामग्री तीच राही.

या व्यवस्थेचे बळ तटस्थतेत होते. पॅनेल उत्पादकाने चौकटीचा साचा बदलण्याचा खर्च करावा तर पुरेसे बसविणारे ती चौकट मागतील असा भरवसा हवा. बसविणाऱ्याने आपले कामगार या पद्धतीत तयार करावेत तर अनेक उत्पादकांकडून पॅनेल मिळत राहतील अशी खात्री हवी. दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवला तो झेप कोणाचीच स्पर्धक नव्हती म्हणून.

पेटंटविषयक वाद

पॅनेल आणि आधाररचना एकत्र आणण्याचा विचार झेपपुरता मर्यादित नव्हता. कॅलिफोर्नियातीलच अकीना सोलर या कंपनीने त्याआधी ‘अँडॅले’ या नावाने रूळ, तारजोडणी व अर्थिंग अंगभूत असलेले पॅनेल विकण्यास सुरुवात केली होती. पुढे वेस्टिंगहाउस सोलर असे नाव धारण केलेल्या या कंपनीने इ.स. २०११ मध्ये पेटंटभंगाचा आरोप ठेवून झेप व कॅनेडियन सोलर यांच्याविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला. त्याच वर्षी तिने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडेही तक्रार नेली. दाव्यात पुरवठादाराबरोबर परवानाधारकालाही ओढले गेल्याने असा परवाना घेण्यातील जोखीम पॅनेल उत्पादकांसमोर आली. तथापि या वादाने झेपचा विस्तार थांबला नाही. वेस्टिंगहाउस सोलरने इ.स. २०१३ मध्ये अँडॅले सोलर असे नाव घेतले. ही कंपनी नंतर लयास गेली.

सोलारसिटीकडून खरेदी

लिंडन व पीटर राइव्ह या बंधूंनी इ.स. २००६ मध्ये स्थापन केलेली सोलारसिटी त्या काळात अमेरिकेतील घरगुती सौर क्षेत्रात आघाडीवर होती. त्यांचे मावसभाऊ इलॉन मस्क हे तिचे अध्यक्ष होते. घरमालकाकडून आरंभी पैसे न घेता पॅनेल बसवायचे आणि वीस वर्षे भाडे किंवा वीजमूल्य वसूल करायचे, ही तिची पद्धत होती. बसविण्याचा सर्व खर्च अशा वेळी कंपनीलाच आधी करावा लागतो. म्हणून एका पथकाने दिवसात किती छते पूर्ण केली यावर तिचा नफा ठरत असे. झेपची सामग्री तिला हवी होती ती या कारणाने.

इ.स. २०१२ च्या डिसेंबरात सोलारसिटीचे समभाग शेअर बाजारात आले. इ.स. २०१३ च्या ऑक्टोबरात तिने झेपच्या खरेदीची घोषणा केली आणि वर्षअखेरीस हा व्यवहार पूर्ण झाला. मोबदला रोखीने न देता सोलारसिटीच्या समभागांत देण्यात आला. झेपच्या मालकांचे हित त्यामुळे तेथपासून सोलारसिटीच्या भवितव्याशी बांधले गेले.

खरेदीदाराच्या दृष्टीने हा निर्णय सयुक्तिक होता. सोलारसिटीने इ.स. २०१३ मध्ये २८० मेगावॅट, इ.स. २०१४ मध्ये ५०२ मेगावॅट आणि इ.स. २०१५ मध्ये ८७० मेगावॅट क्षमतेची पॅनेल बसविली. इतक्या वेगाने वाढणाऱ्या कंपनीला आपल्या मुख्य सामग्रीचा पुरवठा दुसऱ्याच्या हाती ठेवणे परवडणारे नव्हते. झेपच्या अभियंत्यांनी घरांपलीकडेही काम केले. व्यापारी इमारतींच्या सपाट छतांसाठीची ‘झेडएस पीक’ ही रचना इ.स. २०१४ मध्ये सादर झाली.

झेपच्या मूळ व्यवस्थेला मात्र येथेच तडा गेला. ज्या बसविणाऱ्या कंपन्या तिची सामग्री घेत, त्यांना यापुढे आपल्या सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याकडून खरेदी करावी लागणार होती. मागणी, किमती व आगामी योजना यांचा अंदाज त्या प्रतिस्पर्ध्याला आपसूकच येणार होता. सनरन या दुसऱ्या मोठ्या कंपनीने इ.स. २०१४ च्या आरंभी आरईसी सोलरचा घरगुती व्यवसाय विकत घेतला, तेव्हा त्यासोबत स्नॅपएनरॅक ही आधाररचना बनविणारी संस्थाही तिच्याकडे आली. खाच ही साऱ्या उद्योगाची सामाईक पद्धत होण्याची शक्यता त्यानंतर फारशी उरली नाही. एका कंपनीला अत्यंत उपयुक्त असलेली वस्तू म्हणून ती टिकली आणि त्या कंपनीच्या चढउतारांवर पूर्णतः अवलंबून राहिली.

टेस्लाच्या काळातील ऱ्हास

सोलारसिटीची वाढ कर्जावर व गुंतवणूकदारांच्या पैशांवर उभी होती. आरंभी खर्च मोठा आणि उत्पन्न दोन दशकांत थोडेथोडे, असे तिचे गणित असल्याने विस्तार जितका वेगवान तितकी रोख रकमेची चणचण अधिक. धोरणांचाही फटका बसला. नेव्हाडा राज्याने इ.स. २०१५ च्या अखेरीस छतावरील सौर विजेचे दर प्रतिकूल केल्यावर सोलारसिटीने तेथील नवी कामे बंद केली. इ.स. २०१६ मध्ये तिची वार्षिक उभारणी ८४६ मेगावॅटवर आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात टेस्लाने सुमारे २.६ अब्ज डॉलर मूल्याच्या समभागांच्या बदल्यात तिला विकत घेतले. या व्यवहारावरून टेस्लाच्या काही भागधारकांनी मस्क यांच्यावर दावा लावला, इ.स. २०२२ मध्ये डेलावेअर राज्यातील न्यायालयाने मस्क यांच्या बाजूने निकाल दिला.

टेस्लाकडे आल्यावर झेपचे कौशल्य एकदा ठळकपणे दिसले. इ.स. २०१७ मध्ये टेस्लाने पॅनासोनिकच्या सहकार्याने, खालील सामग्री दृष्टीस न पडणारे बसके काळे पॅनेल सादर केले. त्याची पुढील पट्टी व बसविण्याची पद्धत झेप विभागाने विकसित केली होती. परंतु टेस्लाचा प्रचाराचा भर होता तो ‘सोलर रूफ’ या सौर कौलांवर; आणि ज्या छताची कौलेच वीज निर्माण करतात, त्यावर पॅनेलची आधाररचना लागतच नाही.

दरम्यान व्यवसाय आकसत गेला. टेस्लाची सौर उभारणी इ.स. २०१७ मध्ये ५२३, इ.स. २०१८ मध्ये ३२६ आणि इ.स. २०१९ मध्ये १७३ मेगावॅट इतकी खाली आली. इ.स. २०१८ मध्ये टेस्लाने होम डेपो या दुकानसाखळीतील विक्री थांबविली, तसेच बसविण्याच्या कामाची अनेक केंद्रे बंद करण्याचे ठरविले. बाहेरचे ग्राहक आधीच दुरावलेले होते. घरचा ग्राहकही चार वर्षांपूर्वीच्या मानाने पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली आला होता. रूळविरहित रचना नंतरही इतर उत्पादकांनी विकसित केल्या, मात्र त्यांपैकी अनेकांनी चौकटीत खास खाच न मागता सर्वसाधारण पॅनेलला खालून किंवा कडेने धरण्याचा मार्ग स्वीकारला.

सद्यस्थिती

झेपच्या सामग्रीवर बसविलेली पॅनेल अमेरिकेतील पुष्कळ घरांवर अद्याप वीज निर्माण करीत आहेत. सोलारसिटीच्या वीस वर्षांच्या करारांपैकी बरेच इ.स. २०३० नंतर संपणार आहेत. या छतांवरील दुरुस्ती हा मात्र अडचणीचा विषय झाला आहे. दुवे शेजारच्या चौकटींना गुंफत असल्याने मधले एखादे पॅनेल काढायचे तर आजूबाजूची जोडणी सोडवावी लागते, आणि काच फुटलेल्या पॅनेलच्या जागी त्याच उंचीचे, तशीच खाच असलेले पॅनेल लागते. असे नवे पॅनेल आता सहज उपलब्ध होत नाही. म्हणून दुरुस्ती करणारे जुन्या छतांवरून उतरविलेली पॅनेल शोधतात, किंवा बिघडलेली जागा रिकामी ठेवून उरलेल्या रांगेची तारजोडणी नव्याने करतात.