वळूची पारख : गवळाऊ गोवंशाच्या निमित्ताने

वळू म्हणजे अर्धा कळप, असे पशुपालनात म्हटले जाते. गाईचा दोष तिच्या मोजक्या वासरांपुरता राहतो. वळूचा दोष मात्र साऱ्या गावच्या गोधनात उतरतो. म्हणूनच वळूची निवड डोळसपणे व्हावयास हवी.

नागपूर व वर्धा जिल्ह्यांतील गवळाऊ ही पांढरी, हलक्या बांध्याची व चपळ जात शेतीकामासाठी आणि वाहतुकीसाठी ख्यातनाम आहे. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे तिचे पैदास केंद्र आहे. या जातीचा वळू निवडताना लांबट, निमुळता चेहरा, बदामी डोळे व आखूड शिंगे ही जातिलक्षणे प्रथम पाहावीत.

त्यानंतर वळूस सपाट जमिनीवर उभे करून समोरून, बाजूने व मागून न्याहाळावे. छाती रुंद व खोल, पाठ सरळ आणि पाय मजबूत असावेत. मग त्यास चालवून पाहावे. मागील पायांचे सांधे एकमेकांस घासत असतील किंवा खुरे फाकलेली असतील, तर तो वळू वर्ज्य समजावा. कारण गाय फळविताना शरीराचा भार मागील पायांवरच येतो. दोन्ही वृषण सारख्या आकाराचे व पूर्ण उतरलेले असावेत.

परंतु केवळ रूपावर भुलून चालणार नाही. दूध वळू देत नाही. ते त्याच्या पोटच्या कालवडी पुढे देतात. यास्तव त्याच्या आईच्या दुधाची नोंद पाहावी व सांसर्गिक गर्भपाताच्या रोगासाठी त्याचे रक्त तपासून घ्यावे. गावातील सदोष गोऱ्ह्यांचे वेळीच खच्चीकरण झाले, तरच निवडलेल्या वळूचे गुण कळपात टिकतील आणि गवळाऊचे वाण शुद्ध राहील.