डाग शाम्पूचे नव्हे, पाण्याचे

गाडी धुऊन वाळली की बॉनेटवर पांढरे ठिपके उमटतात आणि दोष शाम्पूला दिला जातो. पण नीट विसळलेल्या गाडीवरही ते दिसतात, कारण पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅम विरघळलेले घटक चालतात. असं एक लिटर पाणी गाडीवर वाळलं, तर अर्धा ग्रॅम क्षार पत्र्यावर बसतात. म्हणजे पिण्याजोगं पाणीही डाग पाडू शकतं; बोअरचं जड पाणी तर पाडतंच.

म्हणून शेवटचं पाणी आरओचं घ्यावं. यात पाण्याची नासाडी होते, हा आक्षेप रास्त आहे. पण ते फक्त अखेरच्या बादलीपुरतं लागतं, आणि आरओतून बाहेर पडणारं क्षारयुक्त पाणी सुरुवातीचा चिखल काढायला चालतं. सॉफ्टनर पुरेल का? तो कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतो; डाग सहज पुसले जातात, पण पडतातच. यातलं काहीच नसेल, तर गाडी सावलीत धुवा आणि वाळण्याआधी मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या. टिपलेल्या पाण्यासोबत क्षारही निघून जातात.